आधी मला सांग

आई-बाबांनो, मुलांनी मोबाईल किती वेळ बघावा यावर आपण पालकसभेत, सोसायटीच्या आवारात, व्हॉट्सॲप ग्रुपवर भरपूर बोलतो. आज मला वेगळ्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे. त्याच मोबाईलवरून एखादा परका माणूस आपल्या घरात शिरतो आणि तो शिरतो तेव्हा तुम्ही बहुधा घरी नसता.

आपल्याकडच्या घरांचं वेळापत्रक तुम्हाला ठाऊकच आहे. अंधेरी असो, बोरिवली, घाटकोपर की मुलुंड, सकाळी डबे भरून दोघंही निघता ते दिवेलागणीनंतरच परतता. मधला सगळा दिवस घरी आजी किंवा आजोबा, दुपारी शाळेतून आलेलं मूल आणि तासाभरासाठी येणाऱ्या कामाच्या मावशी. फोन मात्र दिवसभर वाजत असतो. पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, कर्जत-नेरळचा प्लॉट, आणि आता तर पलीकडे माणूसच नसलेले ध्वनिमुद्रित फोन. आजोबांची दुपारची झोप मोडते. आजीला वाटतं, बँकेचा असेल, उचललेला बरा.

या कटकटीच्या फोनकडे आपण दुर्लक्ष करतो, कारण ते निरुपद्रवी वाटतात. पण फसवणुकीची सुरुवात बहुतेकदा याच गर्दीतून होते. एक उदाहरण घ्या. फोन उचलला की आवाज येतो, ‘आम्ही ट्रायकडून बोलत आहोत, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी नऊ दाबा.’ ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, कुणाचाही नंबर बंद करत नाही आणि असे फोन करत नाही, हे त्या संस्थेने वारंवार जाहीर केलं आहे. तरी हा फोन असंख्य घरांत जातो. बहुतेक जण तो ठेवून देतात. जो नऊ दाबतो तो घाबरलेला आहे, एवढं पलीकडच्याला समजतं आणि तिथून पुढे यंत्र बाजूला होऊन माणूस बोलू लागतो. घाबरलेली माणसं निवडून काढण्याचं काम त्या ध्वनिमुद्रित आवाजाने केलेलं असतं.

म्हणून आधी ही गर्दी कमी करा. घरातल्या प्रत्येक सिमवरून १९०९ या क्रमांकावर ‘START 0’ असा मेसेज गेला की जाहिरातींचे फोन न येण्याची, म्हणजे डीएनडीची, नोंद होते. हा मेसेज इंग्रजीतच टाईप करायचा असतो, त्यामुळे आजोबांच्या फोनवरून तो मुलांना पाठवू द्या. नोंद करूनही फोन आलाच, तर सात दिवसांच्या आत १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर तक्रार करता येते. जाहिरातीचे अधिकृत फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून येतात. बँकांनी व्यवहाराबद्दलचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. संशयास्पद फोन किंवा मेसेजची माहिती दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वरच्या ‘चक्षू’ सुविधेत देता येते. व्हॉट्सॲपवर अनोळखी फोन आपोआप मूक करायची सोय आहे, तीही चालू करून ठेवा. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे.

पण एवढ्याने निर्धास्त होऊ नका. डीएनडीची नोंद नोंदणीकृत कंपन्या पाळतात. भामटा कशाला पाळेल? आणि फोनवर दिसणारा नंबर हा काही पुरावा नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने परदेशातून येणारे, पण भारतातला नंबर दाखवणारे फोन अडवणारी यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत तिने सुमारे १ कोटी ३५ लाख फोन अडवले. केवढ्या मोठ्या प्रमाणावर हा उद्योग चालतो, ते यावरून लक्षात येईल.

आपल्या भागातलाच आणखी एक प्रकार म्हणजे विजेच्या बिलाचा मेसेज. ‘मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब अधिकाऱ्याला फोन करा.’ मुलुंडला महावितरणची वीज आहे, अंधेरी-बोरिवलीकडच्या बऱ्याच घरांत अदानीची, काहींकडे टाटाची. मेसेज पाठवणाऱ्याला ते माहीत नसतं, म्हणून तो नुसतं ‘वीज कार्यालय’ लिहितो. गॅसच्या थकीत बिलाच्या नावाने एक फाइल पाठवली जाते. ती उघडून बसवली की फोनचा ताबा दुसऱ्याकडे जातो. आपल्या घरी वीज कोणाची, गॅस कोणाचा, बिल कोण भरतं आणि कधी, हे आजींना आणि दहा वर्षांच्या मुलालाही माहीत असू द्या. ‘आमचं बिल बाबा भरतात, त्यांना विचारते’ एवढं एक वाक्य अशा वेळी पुरतं.

आता थोडं मागे जाते, कारण हा धंदा आपल्याकडे कुठून तरी दूरच्या देशातून आला, असं आपण समजतो. बोरिवलीपुढे दहिसर आणि दहिसरपुढे मीरा रोड. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. सातशेहून अधिक तरुण मुलंमुली तिथे कामावर सापडली आणि सुमारे सत्तर जणांना अटक झाली. ही मुलं रात्रभर अमेरिकेतल्या घरांत फोन लावत होती. तिकडे तेव्हा दिवस असतो. ‘आम्ही आयकर खात्यातून बोलतो, तुमचा कर थकला आहे, पोलीस तुमच्या घराकडे निघाले आहेत.’ घाबरलेल्या माणसाला दुकानात जाऊन गिफ्ट कार्ड विकत घ्यायला लावायचं आणि त्यावरचे आकडे फोनवर वाचून घ्यायचे. मुख्य सूत्रधार म्हणून ज्याचं नाव पुढे आलं, त्या सागर ठक्करला एप्रिल २०१७ मध्ये दुबईहून परतताना मुंबई विमानतळावर पकडलं.

त्या प्रकरणातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. फोन ठेवायचा नाही, ही सक्त ताकीद असे. घरातून निघताना, गाडी चालवताना, दुकानात पैसे देताना फोन चालूच ठेवायचा आणि विचारलं तरी कुणाला काही सांगायचं नाही. आज आपल्या घरांत ‘डिजिटल अरेस्ट’ नावाने जे चालतं, त्यात गिफ्ट कार्डाच्या जागी बँक खातं आलं आणि आवाजाच्या जोडीला व्हिडिओ आला. बाकी पद्धत तीच आहे. भीती घालायची, माणसाला एकटं पाडायचं आणि त्याला कुणाशी बोलू द्यायचं नाही.

या पद्धतीची दोन उदाहरणं सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये बोरिवली पूर्वेला राहणाऱ्या, औषध कंपनीत नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या तरुणीला फोन आला. दिल्ली पोलीस असल्याचं सांगून एका गाजलेल्या मनी लाँडरिंग प्रकरणात तिचं नाव असल्याची भीती घातली. व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ झाल्याचं सांगून तिला हॉटेलात खोली घ्यायला लावली. तिच्याकडून १ लाख ७८ हजार रुपये घेतले आणि तपासणीच्या नावाखाली कॅमेऱ्यासमोर कपडे उतरवायला लावले. तिने तक्रार दिली, म्हणून हे आपल्याला कळलं. ती शिकलेली होती, नोकरी करत होती, मोबाईल वापरायला कुणी शिकवावं अशी तिची स्थिती नव्हती. ‘म्हातारी माणसं फसतात’ हे आपलं समाधान खोटं आहे.

दुसरी हकीकत दक्षिण मुंबईतल्या ८६ वर्षांच्या बाईंची. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून मार्च २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या अशाच अटकेत होत्या आणि त्यांचे २० कोटी रुपयांहून अधिक गेले. दोन महिन्यांहून अधिक काळ! तेव्हाच्या बातम्यांनुसार घरात कामाला असलेल्या व्यक्तीच्या लक्षात आलं की बाई जेवणापुरत्याच खोलीबाहेर येतात आणि आतून कुणाशी तरी मोठ्याने बोलल्याचा आवाज येतो. ते तिने मुलीच्या कानावर घातलं आणि मग प्रकार उघडकीला आला.

आपल्याकडे २० कोटी नसतात, हे मला माहीत आहे. पण चाळीस वर्षं नोकरी करून साठवलेले दहा-बारा लाख, गावचं घर विकून आलेली एफडी, ग्रॅच्युइटी हे सगळं असतं आणि ते एका दुपारी जाऊ शकतं. २०२४ या एका वर्षात देशातल्या नागरिकांचे सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेल्याचं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं. आधीच्या वर्षाच्या तिपटीहून हा आकडा मोठा आहे.

घरात सगळ्यांना कायद्यातल्या दोन गोष्टी समजावून सांगा, अगदी मुलांनाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे अटक करायची तर पोलिसाला समोर यावं लागतं, माणसाला प्रत्यक्ष ताब्यात घ्यावं लागतं. फोनवर, व्हिडिओवर अटक होत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ असं काही कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे देशाला सांगितलं. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. खरी अटक झाली, तर कलम ४८ प्रमाणे त्या माणसाच्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. म्हणजे खरा पोलीस घरच्यांना सांगतो. ‘घरात कुणाला सांगितलंस तर त्यांनाही आत टाकू’ म्हणणारा माणूस पोलीस असूच शकत नाही. आजोबांना ही खूण एकदा पटली, की गणवेश, शिक्के, मागे लावलेलं बोधचिन्ह यांनी ते गडबडणार नाहीत.

देशभरातल्या अशा तक्रारींत अंधेरीचं नावही बऱ्याचदा येतं. बंगळुरूच्या किंवा हैदराबादच्या माणसाला फोन येतो, ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, मुंबईत अंधेरीच्या पोलिसांशी जोडून देतो.’ त्या बिचाऱ्याला मुंबईला येऊन खातरजमा करणं शक्य नसतं, हाच तर डाव. आपल्याला दिल्लीचे, लखनौचे पोलीस भेटतात त्याचं कारणही तेच. जवळच्या पोलीस ठाण्यात पायी जाऊन विचारता येईल, असं नाव ते सहसा घेत नाहीत.

आता जे मनापासून सांगायचं आहे त्याकडे येते. ही सगळी माहिती वर्तमानपत्रांत येते, बँका मेसेज पाठवतात, मध्यंतरी तर फोन लावला की अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली सूचना वाजत होती. तरीही माणसं घरच्यांना का सांगत नाहीत? आजोबा शेजारच्या खोलीत बसलेल्या सुनेला हाक का मारत नाहीत? गेलेले पैसे महिनाभर का लपवतात?

रात्रीचं जेवण चालू असताना टीव्हीवर अशी बातमी लागते तेव्हा आपल्या तोंडून काय निघतं, ते आठवून बघा. ‘एवढे शिकलेले लोक, अक्कल कुठे जाते यांची?’ ‘लोभ! दुसरं काय!’ ‘या वयात कशाला हवेत यांना स्मार्टफोन?’ हे आपण बातमीतल्या माणसाला म्हणतो. ऐकत मात्र आपली आई असते, आपले सासरे असतात, समोर बसलेली आपली तेरा वर्षांची मुलगी असते. त्यांनी त्या क्षणी मनात ठरवलेलं असतं की माझ्यावर ही वेळ आली तर या घरात सांगायचं नाही. भामटा पुढे जेव्हा ‘कुणाला सांगू नका’ म्हणतो, तेव्हा त्याचं निम्मं काम आपणच करून ठेवलेलं असतं.

आजी-आजोबांची भीती नेमकी काय असते, तीही समजून घेऊ या. पैसे गेल्याचं दुःख असतंच. त्याहून मोठी भीती ही, की आता मुलगा पासबुक स्वतःकडे ठेवील, फोनमधलं यूपीआय काढून टाकेल, भाजी आणायलाही त्याच्याकडे पैसे मागावे लागतील. आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला हे मरणाहून अवघड वाटतं. मुलांची भीतीही हीच असते, फक्त शब्द वेगळे. ‘मोबाईल काढून घेतील.’ ज्या घरात चूक सांगितल्याची शिक्षा म्हणून काहीतरी काढून घेतलं जातं, तिथे चुका सांगितल्या जात नाहीत.

म्हणून आधी आपण बोलायची पद्धत बदलू या. आईला सूचनांची यादी वाचून दाखवू नका. तिला विचारा, ‘आई, हल्ली तुला कसले कसले फोन येतात गं?’ आणि पुढची दहा मिनिटं ऐका. तिने एखादा फोन चतुराईने कापलेला असेल, तो किस्सा तिला नातवंडांपुढे सांगू द्या. बाबांना म्हणा, ‘बाबा, तुमचे सगळे पैसे एकाच खात्यात, तेही यूपीआयला जोडलेल्या, का ठेवायचे? रोजच्या खर्चाचं वेगळं करू या का?’ बँकेत त्यांच्याबरोबर जा. रोजच्या व्यवहाराची मर्यादा कमी करून घ्या. एफडी घरबसल्या मोडता येऊ नये, अशी सोय त्यांच्या बँकेत आहे का, ते विचारा. मोठ्या रकमेचा मेसेज तुम्हालाही यावा, असं त्यांना हवं असेल तर तसं करा. शेवटचा शब्द त्यांचाच असू द्या, पैसे त्यांचे आहेत.

तुम्ही स्वतः न्यू जर्सीत असाल आणि आई-बाबा मुलुंडला एकटे असतील, तर हे अजून जपून करा. तुमच्या रात्री त्यांचा दिवस असतो. ते घाबरतात तेव्हा तुम्ही झोपलेले असता आणि ‘पोराला कशाला उठवायचं’ म्हणून ते फोन करत नाहीत. त्यांच्या इमारतीतला एखादा विश्वासू शेजारी, पलीकडच्या गल्लीतली मावसबहीण, कुणीतरी एक माणूस आधीच ठरवून ठेवा, ज्याच्याकडे ते दुपारी दोन वाजता निःसंकोच जातील. त्या माणसालाही तसं सांगून ठेवा.

मुलांच्या बाबतीत आपल्याला एक जुनी शिकवण थोडी सैल करावी लागेल. मोठ्या माणसांना उलट बोलू नये, विचारलं तर नीट उत्तर द्यावं, बोलणं चालू असताना फोन ठेवू नये, हे आपण मुलांवर बिंबवतो. ते चांगलंच आहे. पण अनोळखी माणसाचा फोन मध्येच ठेवण्याची परवानगी त्यांना स्पष्ट शब्दांत द्या. ‘काका, आईबाबांना फोन करा’ एवढं म्हणायचं आणि ठेवायचा. घरी कोण आहे, बाबा कुठे काम करतात, कधी येतात, यातलं काही सांगायचं नाही. मेसेजमध्ये आलेला ओटीपीचा आकडा कुणाला वाचून दाखवायचा नाही. दोन फोन एकत्र जोडायला सांगितलं तर जोडायचे नाहीत, कारण दुसरा फोन ओटीपी सांगणारा असू शकतो. रविवारी दुपारी याचा सराव करून बघा. मुलाला खोटा पोलीस करा आणि आजोबांना फोन लावू द्या. सगळे हसतील, पण एकदा तोंडातून ‘नाही’ निघालं की पुढच्या वेळी ते सहज निघतं.

घरातली मुलं आणि मावशी यांना आणखी एक गोष्ट सांगून ठेवा. आजी किंवा आजोबा दार लावून बराच वेळ व्हिडिओ कॉलवर असतील, विचारलं तर चिडत असतील, जेवायला येत नसतील, तर ताबडतोब तुम्हाला फोन करायचा. मावशींच्या फोनमध्ये तुमचा नंबर असू द्या आणि तुम्ही मीटिंगमध्ये असलात तरी तो उचला.

पालक म्हणून आपल्यालाही एक फोन येऊ शकतो. ३० सप्टेंबर २०२४ ला आग्र्यातल्या एका सरकारी शाळेच्या शिक्षिकेला व्हॉट्सॲपवर फोन आला. पोलिसाचा फोटो लावलेल्या माणसाने सांगितलं, तुमची मुलगी गैरप्रकारात सापडली आहे, प्रकरण मिटवायचं तर एक लाख रुपये पाठवा. त्यांनी मुलाला कळवलं. त्याने नंबर पाहिला, तो +९२ ने सुरू होत होता, म्हणजे पाकिस्तानचा. बहीण कॉलेजात सुखरूप असल्याचं त्याने आईला सांगितलं. पण तोवर बसलेला धक्का त्या सोसू शकल्या नाहीत. हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. मुलीचं नाव घेतलं की आईबापाची विचारशक्ती थांबते, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक आहे आणि आता तर आवाजाची नक्कलही करता येते. म्हणून घरातला एक परवलीचा शब्द ठरवा. पाळीव नाव नको, जन्मतारीख नको, फेसबुक-इन्स्टाग्रामवर कुठे लिहिलेला नको. ‘मी संकटात आहे, पैसे पाठवा’ असा फोन आला, तर तो शब्द विचारायचा. आणि मुलांच्या शाळेचा, कॉलेजचा, एका मित्राच्या घरचा नंबर तुमच्याकडे लिहून ठेवलेला असू द्या, म्हणजे दोन मिनिटांत खात्री होईल.

अठरा-वीस वर्षांची मुलं घरात असतील, तर मीरा रोडची गोष्ट त्यांना नक्की सांगा. फोनच्या दोन्ही टोकांना कुणाची तरी मुलं असतात. आज कॉलेजातल्या मुलांकडे बँक खातं किंवा सिम भाड्याने मागितलं जातं. ‘नुसतं खातं वापरू दे, महिन्याला चार-पाच हजार देतो.’ लुटलेले पैसे त्या खात्यातून फिरतात. पोलिसांना पहिला माग खात्यावरूनच लागतो आणि खातं तुमच्या मुलाच्या नावावर असतं. परदेशातल्या नोकरीचं आमिष तर त्याहून भयंकर आहे. थायलंडमध्ये नोकरी म्हणून नेलेल्या तरुणांना म्यानमारमधल्या तळांवर डांबून अशीच फसवणूक करायला लावलं जातं. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने पाचशेहून अधिक तरुणांना विमानाने तिथून परत आणलं. पाठोपाठ एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबरने साठहून अधिक जणांची सुटका केली. आपल्या मुलाला असा एखादा प्रस्ताव आला, तर तो त्याने उत्साहाने आधी तुम्हाला दाखवायला यावा, असं नातं त्याच्याशी आहे का, हे ज्याचं त्याने बघायचं.

आणि एवढं करूनही कुणी फसलं तर? तेव्हा पहिला तास फार मोलाचा असतो. १९३० या क्रमांकावर फोन करा. गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरत असतात. तक्रार लवकर पोचली तर संबंधित बँका ते मध्येच रोखू शकतात. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. आपल्या बँकेला कळवताना नंबर इंटरनेटवर शोधू नका, कार्डाच्या मागे छापलेला वापरा. मेसेज, फोनची नोंद, फोटो काहीही पुसू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. मुंबईत प्रत्येक प्रादेशिक विभागासाठी वेगळं सायबर पोलीस ठाणंही आहे. नंतर काही दिवसांनी ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा’ असा फोन आला, तर तो त्याच टोळीचा किंवा तिच्या भाऊबंदांचा समजा. पुष्कळ लोक दुसऱ्यांदा लुटले जातात ते इथेच.

या धावपळीत त्या माणसाकडे लक्ष द्यायचं राहून जातं. फसलेली आजी पुढचे कितीतरी दिवस नीट जेवत नाही. देवापुढे बसून राहते. पुन्हा पुन्हा म्हणते, मीच मूर्ख. तिला ‘जाऊ दे, पैसेच तर होते’ म्हणून गप्प करू नका, ते पैसे तिच्या कष्टाचे होते. ऐकून घ्या. नातेवाइकांपुढे, लग्नकार्यात तो विषय काढू नका. ‘तू फसली नाहीस, तुला फसवलं’ हे तिला तुमच्या तोंडून ऐकायचं असतं. फारच खचलेली वाटली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल अरेस्टच्या प्रकरणांची स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ ला त्यांचा तपास सीबीआयकडे सोपवला. टोळ्या पकडल्या जातील, खाती गोठवली जातील, ते काम तपास यंत्रणांचं आहे. आपलं काम घरातलं आहे आणि ते दुसरं कुणी करू शकणार नाही.

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की पाच मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसा. प्रत्येकाच्या फोनमध्ये १९३० सेव्ह करा आणि आजी-आजोबांना, मुलांना, सगळ्यांसमोर सांगा, ‘कसलाही फोन आला, काहीही झालं, पैसे गेले असले तरी आधी मला सांगा. मी रागावणार नाही, तुमच्याकडून काही काढून घेणार नाही.’ आणि खरंच कुणी सांगायला आलं, तर त्या दिवशी हा शब्द पाळा.